धुळ्याच्या बसमधली नागाची अंडी

जळगावच्या उन्हाबद्दल मी जे सांगते त्यातलं निम्मं खोटं असतं, आणि उरलेलं निम्मं बाहेरगावच्या माणसाला खोटं वाटतं. आमच्या पोलीस ठाण्याच्या गच्चीवर मी एकदा बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या. जिना उतरून खाली येते न येते तोच वरून भाजल्याचा वास. साहेबांची टोपी टेबलावर ठेवली तर ती आपली आपण सरकत पंख्याखाली जाते. मेहरूणच्या तलावातले मासे मे महिन्यात दुपारी पाण्याबाहेर येऊन झाडाखाली बसतात, आणि ऊन उतरलं की शहाण्यासारखे परत जातात. पटत नसेल तर या मे महिन्यात. परत गेलात तर बोला.

मी हवालदार आहे. आवाज असा, की वायरलेस बंद पडला तर मला गच्चीवर उभं करतात. भुसावळचे लोक कान झाकून "ऐकू आलं" म्हणतात. घरात, ठाण्यात, लग्नात, मयतीत मी बोलत असते. नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा जबाब घेतेस. पण ही गोष्ट ज्या पुडक्याची आहे, त्या पुडक्याबद्दल मी एक दोरासुद्धा वाढवणार नाही. आणि पुडकं जिचं होतं ती कोण, कुठली, कोणाची, काय वयाची, यातलं काही सांगणार नाही. तिचं नाव कुठे छापायचं नाही, तिची ओळख पटेल अशी खूण उघड करायची नाही, असा कायदाच आहे. कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. तिच्याबद्दल एखादी खूण इथे दिसलीच तर ती मी मुद्दाम हलवून ठेवलेली आहे असं समजा. ऊन तेवढं जागेवर आहे.

ती आईबरोबर सरकारी दवाखान्यात आली आणि बाई पोलीस हवी म्हणून मला बोलावणं आलं. मी नोकरीला लागले तेव्हा उलटं होतं. आधी ठाण्यात ये, कागद घे, मग दवाखाना. बाई बाकावर बसून राहायची आणि कागद साहेबाच्या सहीची वाट बघत बसायचा. आता दवाखाना आधी. सरकारी असो, खासगी असो, उपचार फुकट आणि लगेच, कोणी परत पाठवायचं नाही. जबाब बाईनेच घ्यायचा. ती जुनी दोन बोटांची तपासणी तर वरच्या कोर्टाने बंदच करून टाकली. मध्यंतरी नवे कायदे आले आणि कलमांचे आकडे बदलले, तेव्हा मात्र आमच्या ठाण्यात सुतकी कळा पसरली होती. आयुष्यभर पाठ केलेले आकडे एका रात्रीत रद्द! एक जमादार तर बायकोलाही रागाच्या भरात कलम लावायचे. ते बिचारे महिनाभर गप्प होते.

डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाची असेल. प्रत्येक गोष्टीआधी ती त्या पोरीला विचारत होती. "आता हे करणार आहे. चालेल? नको म्हणालीस तर थांबते." ती मान हलवायची, मग डॉक्टर पुढे जायची. एकदा तिने मान हलवली नाही. डॉक्टर खरंच थांबली. हातातलं ठेवून दिलं, पंख्याचा वेग वाढवला आणि नुसती बसून राहिली. मीही बसले. मी गप्प बसले होते, हे आमच्या ठाण्यात अजून कोणी मान्य करत नाही.

पोरीने त्या वेळी अंगावर असलेले कपडे जुन्या पेपरात गुंडाळून आणले होते. न धुता. तुम्हाला वाटेल यात काय मोठं? खानदेशातला मे महिना आहे, बाबांनो. इथे माणूस सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी उगाच एकदा अंगावर पाणी घेतो. घरात काही वाईट घडलं तर पहिलं काम बादली भरणं. तिच्या आईनेही बादली भरली होती, कपडे भिजवायला टपच पुढे ओढला होता. पोरगी म्हणाली, थांब. मोबाईलवर कुठेतरी तिने वाचलं होतं, की पुरावा अंगावर असतो, कपड्यांवर असतो, पाणी घेतलं की गेला. त्या उकाड्यात, त्या अंगाने, ती आंघोळ न करता बसून राहिली आणि तशीच दवाखान्यात आली.

सगळं उरकल्यावर डॉक्टरने तिला गरम पाण्याची बादली दिली. मोरीच्या दाराशी जाऊन ती वळली आणि मला म्हणाली, "मावशी, मी एवढा वेळ आंघोळ केली नाही. ते वाया नाही ना जाणार?"

मला नाना तऱ्हेची उत्तरं येतात. भुसावळच्या स्टेशनवर मी एका चोराला बोलण्यात असा गुंतवला होता, की तो स्वतःहून बेडी शोधायला लागला. पण इथे एवढंच म्हणाले, "नाही जाणार."

झालं. तोंडातून गेलं. आता ते सांभाळायचं काम माझं.

डॉक्टरने कपडे आतल्या खोलीत सावलीला पसरले होते. मी म्हटलं, बाई, बाहेर दोरीवर टाका, डोळ्याची पापणी लवायच्या आत वाळतील. ती हसली. "उन्हात नाही, मावशी. सावलीत. आणि वाळल्यावर कागदातच. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, मग लॅबवाल्यांना तपासायला काही उरत नाही." हे मला लगेच कळलं. अर्धओल्या कुरडया डब्यात भरल्या की काय होतं ते खानदेशातल्या बाईला शिकवावं लागत नाही. कपडे आणि तिने घेतलेले नमुने वेगवेगळ्या कागदी पाकिटांत गेले, सगळ्यांचं मिळून खाकी कागदाचं एक पुडकं झालं, त्यावर पांढरा दोरा, आणि प्रत्येक गाठीवर लाल लाखेचं सील. पितळी शिक्का दाबला की लाखेत अक्षरं उमटतात. शिक्क्याचा एक ठसा वेगळ्या कागदावर, लॅबसाठी. तिथला माणूस दोन्ही ताडून बघतो. जुळलं, तर पुडकं वाटेत कोणी उघडलं नाही असं धरतात. नाही जुळलं तर पुडकं परत, आणि मग कोर्टात आरोपीचा वकील पान खाऊन उभा राहतो.

त्या उभं राहण्याचा मला अनुभव आहे. एका जुन्या केसमध्ये असंच पुडकं मी नेलं होतं. वकील म्हणाले, "प्रवासात पुडकं कुठे होतं?" म्हटलं, मांडीवर. "कोणाच्या?" म्हटलं, माझ्या. "मांडी तुमचीच होती याला पुरावा काय?" कोर्ट हसलं, मी हसले नाही. मी म्हटलं, साहेब, या जिल्ह्यात एवढी मांडी दुसऱ्या कोणाची दाखवा, मी राजीनामा देते. जज्जसाहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

ठाण्यात मुद्देमालाची खोली नानांकडे. मुद्देमाल म्हणजे केसमधल्या सगळ्या वस्तू: चोरीची सायकल, हातभट्टीचे कॅन, कुऱ्हाड, एकदा तर जिवंत बोकड. नाना निवृत्तीला टेकलेले, आवाज बारीक, बोलणं तिरकस. खोलीवर पत्रा. मी पुडकं घेऊन दारात उभी राहिले तर नानांनी हातच मागे घेतले.

"आक्का, हे आजच धुळ्याला लॅबमध्ये ने."

"नाना, जीप बंदोबस्तात आहे. मंत्री यायचे आहेत."

"मंत्री वितळत नाहीत. लाख वितळते. मागच्या उन्हाळ्यात दारूच्या केसचं पुडकं शिपायाने जीपच्या बॉनेटवर ठेवलं आणि चहा प्यायला. तेवढ्यात सील असं सपाट झालं, जशी कपाळावरची पुसलेली टिकली. लॅबने परत पाठवलं. आरोपीने आपल्याला पेढे दिले."

"मग पुन्हा सील लावायचं होतं."

"कोणी? तू? मी? मग ज्याच्या मनात येईल तो पुडकं उघडेल आणि लाख लावून मोकळा होईल. आपण हात लावायचा नाही म्हणून तर सील असतं." नानांनी पत्र्याकडे बघितलं. "माझ्या खोलीत रात्रभर ठेवलंस तर उद्या सील नाही, रस्सा होईल. त्यात पुढे सुट्ट्या लागून आल्यात. लॅबची खिडकी संध्याकाळी बंद झाली की थेट सुट्टीनंतर."

म्हणून मी एसटीने निघाले. वर्दीत, भर दुपारी, पुडकं छातीशी धरून. साहेबांनी दोन गोष्टी बजावल्या: पुडकं हातातून सोडायचं नाही, आणि तोंड उघडायचं नाही. पहिल्या गोष्टीला त्यांनी एक मिनिट घेतलं असेल. दुसरीला बराच वेळ लागला.

बस भरलेली. बायकांची राखीव जागा पुढे, इंजिनाच्या शेजारी. तिथे एक जागा माझ्या नशिबात होती. धुळ्याकडे जाताना दुपार कलली की ऊन समोरच्या काचेतून थेट आत येतं. खालून इंजिन, समोरून सूर्य, मध्ये मी आणि लाख. मी पुडक्यावर पदरासारखी वाकून बसले. वर्दीला पदर नसतो, ही त्या कापडाची मोठी चूक आहे.

शेजारी, बायकांच्याच जागेवर बिनदिक्कत, एक आबा होते. पांढरा रुमाल डोक्याला, पायाशी कसलं तरी पोतं, डोळे अगदी चौकस. बस बांभोरीचा पूल ओलांडते न ओलांडते तोच सुरुवात झाली.

"काय शे व बाई त्या पुडकामा?"

"सरकारी काम आहे, आबा."

"सरकारी शे ते दिसस माले. पन मझार काय शे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की न बोलणं हे पोटात दुखण्यासारखं असतं. वळून वळून येतं.

मागच्या सीटवर केळ्यांची पाटी घेतलेली एक अक्का होती. तिने खांद्यावरून हात पुढे केला. "दे व माय, मन्हाजोडे ठेव. तुन्हा हात दुखतीन." माया खरी होती. खानदेशात प्रवासात कोणाला ओझं घेऊन बसू देत नाहीत. तुमची पिशवी, तुमचं लेकरू, तुमचं भांडण, सगळं शेजारचा मांडीवर घेतो. मी म्हटलं, राहू दे. तर आबांनी बोटाने पुडकं दाबून पाहिलं. "कापड दिसस." पलीकडून कोणीतरी म्हणालं, इंजिनाच्या झाकणावर ठेवून द्या ना, जागा मोठी आहे. ड्रायव्हर भाऊंनी मोठ्या मनाने आपला डबा उचलून त्या तापल्या झाकणावर मला जागासुद्धा करून दिली.

एकेका गाठीवर लाल सील, आणि चहूबाजूंनी हात. गप्प बसावं तर हात थांबत नव्हते. खरं सांगावं तर तोंडावर कायदा बसलेला. आणि बसमध्ये तिच्या घरच्यांना ओळखणारं कोणी नसेलच असं थोडंच आहे? एरंडोलला चहा पितानाच कोणीतरी जुळवाजुळव केली असती, की अमुक ठाण्याची बाई, अमुक दिवशी, लाल सिलांचं पुडकं.

मग मी माझं खरं काम सुरू केलं. आवाज खाली घेतला. माझा आवाज खाली घेतला की तो बरोबर बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जातो.

"आबा, कोणाला सांगू नका. नागाची अंडी आहेत."

आबांचं बोट जागच्या जागी उभं राहिलं. केळेवाल्या अक्काचा हात असा मागे गेला, की तिच्या मागच्या माणसाच्या चष्म्याला लागला.

"एका माणसाकडे सापडली. विकायला निघाला होता. जप्त केली, आता धुळ्याला वनखात्याकडे. आतून कापूस लावलाय म्हणून मऊ लागतं."

"जिवंत शेतस?"

"आजउद्यावर आलीत. तापली की फुटतात. ओली झाली तर तापण्याआधीच फुटतात. हात लागला तर..." मी पुढे काही बोलले नाही. न बोलण्यातही कला असते हे मला त्या दिवशी दोनदा कळलं.

"मग राहतात कशी शांत?" पलीकडून प्रश्न आला.

"सावलीत, कोरडी, आणि कोणी न शिवता."

आबा सरकून सीटच्या इतक्या कडेला गेले, की अर्धे आबा बसमध्ये आणि अर्धे हवेत. पण मोठेपणा सुटेना. "मी आपला वावरमा शंभर नाग हाते धरेल शेतस."

"मग धरा ना आबा हे पुडकं थोडा वेळ."

"आते हात दुखी राहिनात."

मागे एकाने मोबाईल वर केला. म्हटलं, भाऊ, उजेड पडला की त्यांना दिवस उगवल्यासारखं वाटतं. मोबाईल खाली गेला. इतका शिस्तीचा प्रवास मी साहेबांच्या जीपमध्येही केलेला नाही. माझ्याभोवती एवढी जागा झाली, की हवा खेळायला लागली.

पण गोष्ट फुगवली की ती कुठे जाईल ते फुगवणाऱ्याच्या हातात राहत नाही. एरंडोलच्या स्टँडवर कंडक्टर भाऊ माझ्यासमोर उभे राहिले. तरणे, गोरेमोरे, घामाघूम.

"मॅडम, जिवंत प्राणी न्यायला परवानगी नाही. उतरा."

"प्राणी कुठे आहेत? अंडी आहेत."

"कोंबडीची चालतात. नागाची नाही चालत."

"असं नियमात लिहिलंय?"

"नियम लिहिणाऱ्याला तुम्ही भेटला नसाल, मॅडम."

गाडीभर एकच कालवा. उतारी दे, उतारी दे. बाहेर स्टँडवर ऊन असं पडलं होतं, की कुत्रंही सावली सोडून यायला तयार नव्हतं. दुसरी गाडी कधी, कोणाला माहीत नाही. उतरले असते तर तिथल्या तापल्या बाकावर मी बसले असते, लाख वितळली असती, आणि मोरीच्या दारातून वळून विचारलेल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर खोटं ठरलं असतं. एरवी माझ्या खोट्याची मला फिकीर नसते. पण ते एक मला खरं ठेवायचं होतं.

मी उभी राहिले.

"उतरते. माझं काही म्हणणं नाही. पण कंडक्टर भाऊ, एक विचार करा. या उन्हात ही अंडी पाच मिनिटं नाही टिकायची. पिल्लं बाहेर पडली की त्यांना काय लागेल? सावली. या आख्ख्या स्टँडवर सगळ्यात जवळची, सगळ्यात मोठी सावली कुठली आहे?"

सगळ्यांनी एकदम खाली बघितलं. बसच्या खाली.

"नागाचं पिल्लू दिसायला बोटाएवढं असतं," मी म्हटलं, "फटीतून, पायरीवरून, त्या तिथल्या गंजलेल्या भोकातूनही वर येतं. सीटखाली जाऊन बसतं. मला धुळ्याला पोचवलंत तर ती आतच राहतील. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा." आणि मी पायरीकडे वळले.

"बसा! बसा!" हे कंडक्टर भाऊ आणि केळेवाली अक्का दोघं एकदम ओरडले. अक्काने ड्रायव्हरला बजावलं, "भाऊ, आते कोठेच थांबू नको!"

त्यानंतर ती लालपरी जी सुटली, पारोळ्याचा किल्ला आम्हाला दिसला तो उडतानाच. रस्त्यावर हात करणारे लोक नुसते धुळीत उभे राहिले. मला मधल्या सीटवर सावलीत बसवलं. पुढच्या काचेवर कोणीतरी सोलापुरी चादर लावली. ड्रायव्हर भाऊंना दिसायला एक फट ठेवली होती, असं मी म्हणते, कारण ते अजून नोकरीत आहेत. एका बाईने बसमध्ये छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली, हात लांब करून, तोंड दुसरीकडे करून. जळगाव जिल्ह्यात कलेक्टर साहेबांनाही अशी छत्री मिळाली नसेल.

मुकटी गाव मागे गेलं. आता धुळे काय, तोंडासमोर. आणि तिथेच घात व्हायची वेळ आली.

आबाही माझ्यापाठोपाठ मागे येऊन शेजारी टेकले होते, आणि मघापासून अस्वस्थ होते. शंभर नाग धरलेला माणूस, घाबरला असं दिसणं बरं नाही. त्यांना काहीतरी मदत करायची होती. आणि खानदेशी माणसाची उन्हाळ्यातली मदत म्हणजे एकच. माठाला ओलं फडकं, पाटीतल्या केळ्यांना ओलं पोतं, ताप आलेल्याला ओला रुमाल, तापलेल्या मोटारसायकलच्या सीटलासुद्धा ओला रुमाल. जे तापतं ते भिजवायचं. मी ओलं नको म्हणून सांगितलं होतं. पण हात ऐकतात थोडेच, हात आपले जन्मभराचं करतात. आबांनी डोक्याचा रुमाल सोडला, पाण्याच्या बाटलीत बुचकळून काढला, आणि "तपी गयं व्हई बिचारं," म्हणत तो पाणी गळता रुमाल, वर उरलेली बाटलीही, पुडक्याच्या दिशेने आणली.

मी किंचाळले. धुळ्याच्या घंटाघराला ते वेळेआधीचे ठोके वाटले असतील. किंचाळत मी अशी वळले, की पुडकं पोटाशी, पाठ आबांकडे, आणि सगळं पाणी, बाटलीभर आणि रुमालाचं, माझ्या मानेवरून वर्दीत. खरं सांगू? इतकं बरं वाटलं.

पण बस गारठली होती. सगळ्यांची नजर पुडक्यावर. फुटली का? मी खाली वाकून कान लावला. लावावाच लागला. मला कागदाचा वास आला, लाखेचा आला. कागद कोरडा होता. दोरा कोरडा होता. एकेक गाठ मी डोळ्यांनी मोजली, तर लोकांना वाटलं, मी घाबरले. आणि त्यात चूक काहीच नव्हती.

"झोपलीत," मी म्हटलं.

आबांनी ओला रुमाल परत डोक्याला बांधला. धुळ्याच्या स्टँडवर उतरताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकनं व माय. सांभाळीसन ने." मी त्यांना नमस्कार केला. पुडकं हातात असल्यामुळे तो मानेनेच केला.

रिक्षातून लॅबवर पोचले तेव्हा खिडकी उघडी होती. आत एक कारकून, चष्मा नाकाच्या टोकावर. माझ्या ओल्या वर्दीकडे त्यांनी बघितलं, छताकडे बघितलं. बाहेर पाऊस नव्हता. मग त्यांनी पुडकं मागितलं आणि मी ते निघाल्यापासून पहिल्यांदा हातातून सोडलं.

सील बघणारा माणूस घाई करत नाही. त्यांनी ठशाचा कागद शेजारी ठेवला, भिंग घेतलं, एकेका गाठीवर थांबत गेले. पहिलं, ठीक. दुसरं, ठीक. मग एका सिलावर ते थांबले. इंजिनाच्या बाजूला होतं ते. त्याचा पृष्ठभाग चकाकत होता, तेल लावल्यासारखा. कडेला लाख किंचित पसरली होती.

"हे तापलंय."

"हो."

"कुठे ठेवलं होतं?"

माझ्या तोंडात अर्धा डझन गोष्टी तयार होत्या, सगळ्या छान, सगळ्या पटतील अशा. मी त्यातली एकही सांगितली नाही. म्हटलं, जीप नव्हती, बसने आले, इंजिनाशेजारी जागा मिळाली, एरंडोलपर्यंत तिथे होते, मग मागे सरकले. पुडकं पूर्ण वेळ माझ्या हातात. वर्दीवर पाणी पडलं, पुडक्यावर नाही. सरळ सांगितलेली गोष्ट किती लहान असते! संपलीसुद्धा.

त्यांनी पुन्हा भिंग लावलं. एकेक अक्षर ओठ हलवत वाचलं, ठशाशी ताडलं. दोरा नखाने ओढून पाहिला. हलला नाही. कागदाची घडी उजेडात धरून पाहिली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि त्यावरचा महिना मला वाचता येत नव्हता.

"अक्षरं सगळी आहेत," ते म्हणाले. "कड पसरलीय, ते तसं नोंदवतो. सील शाबूत." आणि पावतीवर शिक्का मारला. शाईचा. त्या ठोक्याएवढा गोड आवाज मी अजून ऐकलेला नाही, आणि मी खानदेशातली सगळी बँडपथकं ऐकली आहेत.

परत जाताना मला गाडीत उभं राहावं लागलं. कोणी जागा दिली नाही. पुडकं नसलेल्या हवालदार बाईला कोण विचारतो?

पुढच्या आठवड्यात जबाबातल्या एका गोष्टीसाठी मी तिच्या घरी गेले. साध्या साडीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून. तिच्या आईने ताक दिलं. पोरगी समोर बसली होती, केस धुतलेले, खालमानेने. लॅबचा निष्कर्ष यायला वेळ होता. कोर्टाचा तर अजूनही यायचा आहे. मी तिला सांगितलं, पुडकं पोचलं, सील जुळलं, त्यांनी घेतलं. तू केलेलं वाया गेलं नाही.

तिने मान हलवली. मग विषय बदलावा तशी म्हणाली, "मावशी, तुम्ही पोलिसात आहात, तुम्हाला माहीत असेल. धुळ्याच्या बसमध्ये नाग निघाले म्हणे?"

माझ्या हातातलं ताक हिंदकळलं. "कोण म्हणालं?"

"सगळे म्हणताहेत. आठ पिल्लं होती. पारोळ्याजवळ फुटली. एका म्हाताऱ्या बाबांनी सगळी हाताने धरली, रुमालात बांधली आणि बोरी नदीत सोडली. एक पोलीस बाई होती, ती बेशुद्ध पडली, तिच्या तोंडावर पाणी मारावं लागलं."

"बेशुद्ध?" मी म्हटलं. "मी?"

तिने वर बघितलं.

आता सांगू की नको? साहेब म्हणाले होते, तोंड उघडू नको. पण कायदा नाव लपवायला सांगतो ते जगापासून. तिचं तिच्यापासून लपवायला नाही सांगत.

"अगं, आठ-बिठ काही नव्हती," मी म्हटलं. "तुझंच पुडकं होतं ते."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात काढून. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली. तिने तो आवाज त्या दिवसापासून ऐकला नव्हता. "छत्री?" पोरगी विचारत होती. "खरंच छत्री धरली? आणि ते बाबा?" मी सांगत होते. चादरीची फट, गंजलेलं भोक, हवेतले अर्धे आबा. प्रत्येक वेळी ती म्हणायची, खोटं, मावशी, खोटं.

आयुष्यात पहिल्यांदा मी सगळं खरं सांगत होते, आणि कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवत नव्हतं. मी ताकाचा दुसरा ग्लास मागितला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.